ड्यूक एलिंग्टन : वाद्यवृंद हेच वाद्य

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ड्यूक एलिंग्टनची हस्तलिखिते जतन करून ठेवली आहेत. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरलेखनात प्रत्येक ओळीच्या आरंभी वाद्याचे नाव असते. पहिला ट्रम्पेट, दुसरा ट्रम्पेट, तिसरा सॅक्सोफोन अशी क्रमवारी असते. एलिंग्टनच्या कागदांवर मात्र जागोजागी माणसांची नावे आढळतात. कुठे ‘कूटी’, कुठे ‘ट्रिकी’, कुठे जॉनी हॉजेसचे लाडके नाव ‘रॅब’. ट्रम्पेट कोणीही वाजवला तरी चालेल, असे या संगीतकाराला कधी वाटलेच नाही. कूटी विल्यम्सचा ट्रम्पेट आणि रे नान्सचा ट्रम्पेट ही त्याच्या लेखी दोन वेगळी वाद्ये होती. विशिष्ट नट डोळ्यांसमोर ठेवून भूमिका लिहिणारा नाटककार मराठी रसिकाला ठाऊक आहे. एलिंग्टनने हेच संगीतात केले आणि जवळजवळ पन्नास वर्षे केले. त्या पद्धतीने त्याला विसाव्या शतकातील थोर रचनाकारांच्या पंक्तीत नेऊन बसवले. त्या पद्धतीची किंमतही त्याला, आणि त्याच्याइतकीच त्याच्या साथीदारांना, मोजावी लागली.

एडवर्ड केनेडी एलिंग्टनचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील जेम्स एडवर्ड एका गोऱ्या डॉक्टरांच्या घरी बटलर होते. मोठ्या मेजवान्यांच्या वेळी त्यांना व्हाइट हाउसमध्येही काम मिळे. आई डेझी ही धार्मिक वृत्तीची, शांत स्वभावाची स्त्री. घरी श्रीमंती नव्हती, पण टापटीप होती. कपडे, बोलणे, जेवणाची रीत यांविषयी वडील काटेकोर होते. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाला आपल्या सभ्यतेचा अभिमान होता, आणि जगासमोर आपण केवळ स्वतःचे नव्हे तर साऱ्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभे असतो, ही शिकवण मुलांना शाळेतच मिळे. या संस्कारांमुळे एडवर्डच्या वागण्यात लहानपणीच एक डौल आला. त्याच्या एका मित्राने त्याला ‘ड्यूक’ म्हणजे सरदार हे नाव दिले, ते जन्मभराचे झाले.

आईवडील दोघेही पियानो वाजवीत. सात-आठ वर्षांचा असताना क्लिंकस्केल्स नावाच्या बाईंकडे ड्यूकची शिकवणी सुरू झाली, पण त्याचे मन बेसबॉलमध्ये अधिक रमे. संगीताची खरी ओढ लागली ती पुढे, शहरातील बिलियर्डच्या अड्ड्यांवर जमणाऱ्या पियानोवादकांचे वादन ऐकून. १९१४ च्या सुमारास तो ‘पूडल डॉग’ नावाच्या उपाहारगृहात सोडा-सरबते देण्याचे काम करीत होता. त्या दिवसांत त्याने आपली पहिली रचना केली आणि तिला नाव दिले ‘सोडा फाउंटन रॅग’. ती कागदावर उतरवण्याइतके स्वरलेखन त्याला येत नव्हते. तीच रचना तो कधी संथ, कधी द्रुत, कधी वॉल्ट्झच्या ठेक्यात वाजवी आणि ऐकणाऱ्यांना या पोराकडे बराच साठा आहे असे वाटे. त्या काळी आपोआप वाजणारे पियानो मिळत. छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवरून त्यांच्या पट्ट्या खालीवर होत. हार्लेमचा नामांकित वादक जेम्स पी. जॉन्सन याच्या ‘कॅरोलायना शाउट’ची गुंडाळी लावून, यंत्राची गती कमी करून, खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवीत ड्यूकने ती अवघड रचना आत्मसात केली. पुढे हेन्री ग्रँट या शिक्षकाकडून स्वरसंगतीचे धडे मिळाले, तेवढेच काय ते रीतसर शिक्षण.

चित्रकलेतही त्याला गती होती. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती त्याला देऊ केली गेली होती, ती त्याने घेतली नाही. त्याऐवजी त्याने पाट्या रंगवण्याचा धंदा काढला. नृत्याच्या कार्यक्रमाची पाटी रंगवून घ्यायला कोणी आले, की संगीताची व्यवस्था झाली आहे का, अशी चौकशी तो करी. आणि संगीतासाठी कोणी आले, तर पाटीचे काय, हे विचारी. १९१८ मध्ये एडना थॉम्प्सनशी त्याचा विवाह झाला, दुसऱ्या वर्षी मुलगा मर्सर जन्मला. संसार फार काळ एकत्र टिकला नाही. पतिपत्नी काही वर्षांनी विभक्त झाली, घटस्फोट मात्र कधीच झाला नाही. वॉशिंग्टनमध्ये उत्तम कमाई असलेला हा तरुण १९२३ मध्ये सारे सोडून न्यूयॉर्कला गेला. ड्रमवादक सनी ग्रीअर, सॅक्सोफोनवादक ओटो हार्डविक अशा गावच्या मित्रांचा पाच-सहा जणांचा ताफा होता, त्याचे नाव ‘वॉशिंग्टोनियन्स’. ब्रॉडवेजवळच्या एका तळघरातील क्लबात त्यांना काम मिळाले. पैशांवरून झालेल्या वादानंतर मूळचा प्रमुख एल्मर स्नोडन १९२४ मध्ये बाहेर पडला आणि सूत्रे एलिंग्टनकडे आली.

याच क्लबात त्याच्या संगीताला दिशा देणारा माणूस भेटला, तो म्हणजे ट्रम्पेटवादक बबर मायली. मोरी साफ करायला वापरतात तो रबरी वाटीसारखा भाग ट्रम्पेटच्या तोंडाशी धरून, घशातून गुरगुरत मायली असा काही सूर काढी, की जणू माणूसच विव्हळतो आहे. ट्रॉम्बोनवादक ‘ट्रिकी सॅम’ नँटन याने ती युक्ती आपल्या वाद्यावर आणली. तोवर सभ्य नृत्यसंगीत वाजवणारा हा ताफा बदलून गेला. १९२६ मधील ‘ईस्ट सेंट लुई टूडल-ऊ’ आणि १९२७ मधील ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’ या रचनांत मायलीचा वाटा एलिंग्टनइतकाच आहे आणि त्यांच्या श्रेयनामावलीत त्याचे नावही आहे. मुख्य म्हणजे एलिंग्टनला आपला मार्ग येथे सापडला. साथीदाराकडे जे वेगळेपण आहे, ते घासूनपुसून सर्वांसारखे करायचे नाही. ते तसेच ठेवून त्याच्याभोवती रचना उभी करायची.

४ डिसेंबर १९२७ रोजी एलिंग्टनचा वाद्यवृंद हार्लेममधील ‘कॉटन क्लब’मध्ये दाखल झाला. कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या मध्यभागी असलेल्या या क्लबात रंगमंचावर सारे कलावंत कृष्णवर्णीय आणि समोर बसलेले प्रेक्षक मात्र गोरे, असा दंडक होता. मालकी गुंडांच्या टोळीची. सजावट दक्षिणेतील मळ्यांची किंवा आफ्रिकेतील जंगलाची, आणि मायलीच्या गुरगुरण्याला ‘जंगल संगीत’ अशी जाहिरातीची चिठ्ठी चिकटवलेली. हा अपमान एलिंग्टनला कळत नव्हता असे नाही. पण रोज रात्री नव्या नृत्यांसाठी, गाण्यांसाठी, प्रसंगांसाठी नवे संगीत लागे, आणि ते लिहून त्याच रात्री ऐकायला मिळे. कोणत्याही संगीत महाविद्यालयात मिळाली नसती अशी ही प्रयोगशाळा होती. क्लबातून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांनी त्याचे नाव अमेरिकाभर पोहोचवले. याच सुमारास बॅरिटोन सॅक्सोफोनवर सतरा वर्षांचा हॅरी कार्नी, क्लॅरिनेटवर न्यू ऑर्लीन्सचा बार्नी बिगार्ड, आल्टो सॅक्सोफोनवर जॉनी हॉजेस, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनवर पोर्टो रिकोचा हुआन टिझोल आणि मायलीच्या जागी कूटी विल्यम्स येत गेले.

या माणसांतून तो काय निर्माण करीत होता, हे १९३० मधील ‘मूड इंडिगो’ ऐकले की कळते. तीन वाद्ये मिळून एक संथ सूर धरतात. क्लॅरिनेट उंच, ट्रम्पेट मधे आणि ट्रॉम्बोन खाली, अशी सर्वसाधारण मांडणी असते. एलिंग्टनने तोंड झाकलेला ट्रम्पेट वर ठेवला, ट्रॉम्बोनला त्याच्या अगदी वरच्या पट्टीत नेऊन ट्रम्पेटच्या लगत बसवले आणि क्लॅरिनेटला त्याच्या सर्वांत खोल स्वरांत तळाशी धाडले. तिन्ही वाद्ये ओळखीची, पण त्यांच्या मिलाफातून येणारा नाद कोणत्याच वाद्याचा वाटत नाही. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्या जागेत आरंभ, विस्तार, कलाटणी आणि शेवट बसवण्यात एलिंग्टनचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतः तो पियानोवर फार थोडे वाजवी. एखादा घंटेसारखा स्वरसमूह, एखादी तिरकस टिप्पणी, आणि वाद्यवृंदाला वळण मिळे. पुढे १९६२ मध्ये चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या तरुण पिढीतील दोघांसह ‘मनी जंगल’चे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा या पियानोत केवढी धार होती ते अनेकांना नव्याने उमगले.

पण ‘मूड इंडिगो’बरोबरच एक प्रश्नही येतो. त्यातील एक धून बार्नी बिगार्डची होती. ‘कॅरव्हान’ची मूळ सुरावट टिझोलची, तर ‘सोफिस्टिकेटेड लेडी’तील काही भाग ट्रॉम्बोनवादक लॉरेन्स ब्राउन आणि ओटो हार्डविक यांचे. साथीदाराने तालमीच्या वेळी किंवा मंचावर सहज वाजवलेला एखादा तुकडा एलिंग्टनचे कान टिपीत. त्याला तो स्वरसंगतीची बैठक देई, त्याच्याभोवती पूर्ण रचना बांधी आणि ती त्याच्या नावाने प्रसिद्ध होई. कधी वादकाला थोडे पैसे मिळत, कधी श्रेय मिळे, कधी काहीच नाही. व्यवस्थापक आयर्व्हिंग मिल्सचे नाव तर ढीगभर गाण्यांवर सहरचनाकार म्हणून लागले आणि स्वामित्वधनात त्याचा वाटा राहिला. ब्राउनने ही सल अखेरपर्यंत बाळगली. हॉजेस मंचावर वाजवता वाजवता एलिंग्टनकडे पाहून नोटा मोजल्याची खूण करी, अशी आठवण सांगितली जाते. दुसरी बाजूही खरी आहे. त्या तुकड्यांचे जे झाले, ते एलिंग्टनशिवाय झाले नसते. यांपैकी बहुतेकांनी स्वतंत्रपणे या तोडीची रचना केली नाही. श्रेयाचा हा गुंता कोणत्याही एका बाजूने सोपा करून सांगता येत नाही.

१९३३ मध्ये वाद्यवृंद इंग्लंडला गेला. लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याचे स्वागत झाले आणि तेथील समीक्षकांनी या संगीताची चर्चा गंभीर संगीत म्हणून केली. मायदेशी नृत्यगृहांत वाजवणाऱ्या एलिंग्टनला हा अनुभव नवा होता. अमेरिकेच्या दक्षिणेत दौरा करायचा तर कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली नाही, उपाहारगृहात जेवण नाही. यावर त्याने तोडगा काढला. वाद्यवृंदासाठी रेल्वेचे स्वतंत्र पुलमन शयनडबे आणि सामानाचा डबा भाड्याने घेतला. गावच्या स्थानकात डबे बाजूच्या रुळांवर लावायचे, तेथेच राहायचे, तेथेच जेवायचे. भांडण नाही, विनवणी नाही. अपमानाची वेळच येऊ द्यायची नाही. वडिलांकडून आलेला डौल हाच त्याच्या प्रतिकाराचा मार्ग होता. पुढच्या पिढीतील काहींना तो फार सौम्य वाटला.

मे १९३५ मध्ये आई गेली. एलिंग्टन तिच्यावर विलक्षण जीव लावून होता, आणि काही महिने तो सुन्न होता. दौऱ्यावरच्या रेल्वे डब्यात त्याने तिच्या आठवणीत ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ लिहिले. तबकड्यांच्या चार बाजू व्यापणारी, तेरा मिनिटांची ही रचना होती. जॅझ म्हणजे तीन मिनिटांचे नृत्यगीत, अशी ज्यांची समजूत होती त्यांनी तिच्यावर कडक टीका केली. लांब पल्ल्याची रचना करणारा संगीतकार म्हणून आपल्याला मान्यता मिळावी, ही एलिंग्टनची आस येथून सुरू झाली आणि तिच्या वाट्याला येणारी उपेक्षाही.

डिसेंबर १९३८ मध्ये पिट्सबर्गच्या एका नाट्यगृहात, मंचामागे, औषधांच्या दुकानात काम करणारा तेवीस वर्षांचा एक तरुण त्याला भेटायला आला. त्याने पियानोवर एलिंग्टनचीच एक रचना आधी हुबेहूब आणि मग आपल्या पद्धतीने वाजवून दाखवली. हा बिली स्ट्रेहॉर्न. एलिंग्टनने त्याला न्यूयॉर्कला येण्याचा रस्ता सांगितला. हार्लेमला येणाऱ्या भुयारी रेल्वेच्या त्या सूचनांतून ‘टेक द ए ट्रेन’ हे गीत जन्मले. त्याचे भाग्य उजळले ते एका व्यावसायिक वादामुळे. १९४१ च्या आरंभी स्वामित्वधनाच्या दरांवरून संगीतकारांची संस्था ‘ॲस्कॅप’ आणि रेडिओ कंपन्या यांच्यात तेढ निर्माण झाली आणि संस्थेच्या सभासदांचे संगीत रेडिओवरून बंद झाले. एलिंग्टन सभासद होता. स्ट्रेहॉर्न आणि मर्सर नव्हते. रातोरात वाद्यवृंदासाठी नवा साठा तयार करण्याची जबाबदारी या दोघांवर आली, आणि ‘टेक द ए ट्रेन’ ही वाद्यवृंदाची ओळखधून झाली. जगभर जी धून एलिंग्टनची म्हणून ओळखली जाते, ती त्याची नाही.

स्ट्रेहॉर्न अठ्ठावीस वर्षे एलिंग्टनसोबत राहिला. दोघांत लेखी करार असा नव्हताच. घरभाडे, कपडे, प्रवास, सारा खर्च एलिंग्टन करी. समलिंगी असल्याचे न लपवता जगू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला त्या अमेरिकेत जे मोकळेपण मिळणे दुरापास्त होते, ते या छत्राखाली त्याला मिळाले. पण छत्राखाली सावलीही असते. कितीतरी रचनांवर दोघांची नावे लागली, काहींवर एकट्या एलिंग्टनचे. डेव्हिड हाजदू यांचे १९९६ मधील चरित्र आणि त्यानंतर वॉल्टर व्हान द लेर यांनी हस्ताक्षरांच्या आधारे केलेले हस्तलिखितांचे संशोधन यांतून स्ट्रेहॉर्नचा स्वतंत्र वाटा बराच स्पष्ट झाला. त्यातून एलिंग्टन लहान झाला नाही, पण दोन माणसे दिसू लागली.

१९४० ते १९४२ हा वाद्यवृंदाचा सर्वांत तेजस्वी काळ मानला जातो. टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर आणि डबल बेसवर जिमी ब्लँटन आले होते. ब्लँटनने बेसला केवळ ठेक्यासाठी न ठेवता गाते केले. क्षयाने तो १९४२ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला. ‘को-को’, ‘कॉटन टेल’, ‘कॉन्चेर्तो फॉर कूटी’ या रचना याच दिवसांतल्या. २३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एलिंग्टनने ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ सादर केली. सुमारे पाऊण तासाची ही रचना म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास, गुलामीतील श्रमांपासून समकालीन हार्लेमपर्यंत. शास्त्रीय संगीताच्या समीक्षकांना ती विस्कळीत वाटली, जॅझच्या समीक्षकांना ती जॅझ वाटली नाही. एलिंग्टन दुखावला. त्यानंतर ती संपूर्ण स्वरूपात त्याने जवळजवळ सादरच केली नाही. तुकडे तेवढे वाजवत राहिला.

महायुद्धानंतर मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस फिरले. १९४६ च्या अखेरीस अनेक नामांकित वाद्यवृंद बंद पडले. काउंट बेसीसारख्यालाही काही काळ छोट्या ताफ्यावर यावे लागले. एलिंग्टनने मात्र पंधरा-सोळा जणांचा संसार मोडला नाही. लोकप्रिय गाण्यांचे स्वामित्वधन येई, ते तो पगारांत घाली. आज लिहिलेले उद्या ऐकता यावे, यासाठी ही उधळपट्टी त्याला आवश्यक वाटत होती. १९५१ मध्ये हॉजेस, ब्राउन आणि जुना सवंगडी ग्रीअर एकदम सोडून गेले. १९५५ च्या उन्हाळ्यात तर न्यूयॉर्कमधील एका जलक्रीडेच्या तमाशाला साथ करण्याची पाळी वाद्यवृंदावर आली. एलिंग्टन संपला, असे लिहिले जाऊ लागले होते. त्याच वर्षी हॉजेस परतला.

७ जुलै १९५६ च्या रात्री ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट महोत्सवात उशीर झाला होता, लोक उठू लागले होते. एलिंग्टनने १९३७ मधील ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ काढली. तिच्या दोन भागांना जोडणारा टेनर सॅक्सोफोनचा दुवा पॉल गोन्साल्विसकडे होता. त्याने ब्लूजची एकामागून एक सत्तावीस आवर्तने घेतली. काळ्या पोशाखातील एक स्त्री उठून नाचू लागली आणि पाहता पाहता सारे मैदान उभे राहिले. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला, आणि या मैफलीची ध्वनिमुद्रिका त्याच्या आयुष्यातील सर्वाधिक खपाची ठरली. त्या ध्वनिमुद्रिकेची कथा पुढे उलगडली. गोन्साल्विस चुकून दुसऱ्याच, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या, ध्वनिग्राहकासमोर वाजवत होता. त्यामुळे कंपनीच्या फितीवर तो दूरवरून ऐकू येत होता, आणि मैफलीतील काही भाग तर नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यांना टाळ्या जोडल्या होत्या. १९९९ मध्ये दोन्ही फिती एकत्र करून निघालेल्या आवृत्तीत ती रात्र जशी घडली तशी ऐकता येते.

सप्टेंबर १९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टनला पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. अलाबामात निदर्शकांवर कुत्रे सोडले गेले होते, वॉशिंग्टनचा महामोर्चा नुकताच होऊन गेला होता, आणि अशा वेळी हा कृष्णवर्णीय संगीतकार अमेरिकेचा दूत म्हणून फिरत होता. जागोजागी पत्रकार वर्णभेदावर छेडत. तो शांतपणे, थोड्या चतुराईने उत्तरे देई. दिल्लीत तो आजारी पडून काही दिवस इस्पितळात होता. दिल्लीखेरीज मुंबई, कलकत्ता आदी शहरांतही वाद्यवृंद गेला.

मुंबईला हे सूर परके नव्हते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला होता. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्डही तेथे रमला. त्यांच्याकडून उचललेला स्विंग गोव्याच्या वादकांनी हॉटेलांतून चित्रपटांच्या स्टुडिओंत नेला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाच्या साथीने सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’सारख्या चित्रपटांत त्या नादाला हिंदी गाण्यात घर दिले. मुंबईच्या स्टुडिओंतील नामवंत संयोजक अँथनी गोन्साल्विस गोव्याचे, तर एलिंग्टनच्या वाद्यवृंदातील पॉल गोन्साल्विसचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेलगतच्या केप व्हर्दे बेटांवरचे. एकाच पोर्तुगीज साम्राज्याने दोन खंडांत पेरलेले हे आडनाव जॅझच्या वाटेवर असे जवळ आले.

अध्यक्ष केनेडींच्या हत्येमुळे नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानातून दौरा आवरता घ्यावा लागला. ऐकलेले सूर जसेच्या तसे उचलायचे नाहीत, आत मुरू द्यायचे, असे एलिंग्टनने ठरवले होते. ‘फार ईस्ट स्वीट’चे ध्वनिमुद्रण झाले ते थेट डिसेंबर १९६६ मध्ये. त्यात कार्नीच्या गंभीर बॅरिटोन सॅक्सोफोनवरचे ‘आग्रा’ आहे आणि स्ट्रेहॉर्नला दिल्लीत सतत ऐकू येणाऱ्या एका मैनेची शीळ क्लॅरिनेटवर आणणारे ‘ब्लूबर्ड ऑफ देल्ही’ही. हॉजेसने अजरामर केलेले ‘इस्फहान’ मात्र स्ट्रेहॉर्नने दौऱ्याआधीच वेगळ्या नावाने लिहिले होते.

१९६५ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत समितीने एलिंग्टनला त्याच्या समग्र कार्यासाठी विशेष सन्मान द्यावा, अशी शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली आणि त्या वर्षी संगीताचे पारितोषिकच दिले नाही. समितीच्या तिघांपैकी दोघांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. इतक्या लहान वयात फार प्रसिद्धी मिळू नये अशी नियतीची इच्छा दिसते, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने विषय संपवला. आपल्या संगीताला अमेरिकेत अजूनही दुय्यम मानले जाते, ही खंत जवळच्यांपाशी मात्र त्याने बोलून दाखवली. चारच वर्षांनी, सत्तराव्या वाढदिवशी, अध्यक्ष निक्सन यांनी त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला तो व्हाइट हाउसमध्ये, जेथे वडिलांनी कधीकाळी मेजवान्यांत वाढण्याचे काम केले होते.

१९६५ पासून त्याने चर्चमध्ये सादर करण्यासाठी ‘सेक्रेड कॉन्सर्ट्‌स’ लिहिल्या आणि त्यांना तो आपले सर्वांत महत्त्वाचे काम मानू लागला. दरम्यान त्याचे वाद्य तुटत चालले होते. ३१ मे १९६७ रोजी कर्करोगाने स्ट्रेहॉर्न गेला. इस्पितळातून त्याने वाद्यवृंदासाठी पाठवलेली शेवटची रचना ‘ब्लड काउंट’. त्याच्या स्मरणार्थ केलेल्या ध्वनिमुद्रणात, वादक वाद्ये आवरत असताना, एलिंग्टन एकटाच पियानोवर स्ट्रेहॉर्नचे ‘लोटस ब्लॉसम’ वाजवत बसला. मागे गप्पांचा, हालचालींचा आवाज ऐकू येतो आणि हळूहळू विरत जातो. १९७० मध्ये हॉजेस गेला. मे १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या इस्पितळात एलिंग्टन फुफ्फुसाच्या कर्करोगाशी झुंजत होता, तेव्हा लंडनमध्ये गोन्साल्विसचे निधन झाले. ही बातमी त्याच्यापासून लपवून ठेवण्यात आली. २४ मे १९७४ रोजी एलिंग्टनने जगाचा निरोप घेतला. सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमधील अंत्यविधीला बारा हजारांवर लोक जमले होते. सत्तेचाळीस वर्षे त्याच्या शेजारी वाजवणारा, मुक्कामामागून मुक्काम त्याला आपल्या मोटारीतून नेणारा हॅरी कार्नी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला.

मर्सरने वाद्यवृंद पुढे चालवला. १९९९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, पुलित्झर मंडळाने एलिंग्टनला मरणोत्तर विशेष सन्मान दिला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्कच्या ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’तर्फे त्याच्या रचनांच्या प्रती शाळाशाळांतील वाद्यवृंदांना विनामूल्य धाडल्या जातात. पंधरा-सोळा वर्षांची मुले त्या समोर ठेवून वाजवतात. कागदावरचे स्वर त्यांना सहज वाचता येतात. पण कूटीचे गुरगुरणे, हॉजेसचा स्वरावरून स्वरावर घसरत जाणारा आलाप, ट्रिकी सॅमचा विव्हळता सूर कागदावर कसा असणार? त्यासाठी त्यांना जुन्या ध्वनिमुद्रिकांकडे वळून एकेका माणसाचे वादन कान देऊन ऐकावे लागते. एलिंग्टनने आयुष्यभर तेच केले होते.